परिपक्वतेचे माप : युरोपातील पुरवठासाखळीचे नवोद्योग आणि त्यांच्या मूल्यमापनाचा इतिहास

एखादा उद्योग ‘परिपक्व’ झाला असे म्हणताना आपण नेमके काय म्हणत असतो, हा प्रश्न वरवर पाहता कोशकाराचा वाटेल. परंतु गेल्या दहाबारा वर्षांत युरोपात त्याला बराच व्यवहारी अर्थ आलेला आहे. मालाची ने-आण, साठवण आणि मागणीचा अंदाज यांसाठी संगणकीय साधने तयार करणाऱ्या अनेक नव्या कंपन्या तेथे निघाल्या. त्यांना आपण नवोद्योग म्हणू. यांपैकी कोणती कंपनी परिपक्वतेच्या कितव्या पायरीवर उभी आहे, याचा आकडा अनुदान देणारी सरकारी संस्था मागते, भांडवल पुरविणारा मागतो, आणि ज्या साधनाच्या भरवशावर आपला माल रस्त्यावर सोडावयाचा ते साधन विकत घेणारा कारखानदारही मागतो. हा आकडा चुकला तर त्याची झळ आकडा देणाऱ्याला क्वचितच लागते. ती लागते गोदामाच्या दारात ट्रक उभा करून बसलेल्या वाहतूकदाराला. म्हणून ज्या मापांनी तो काढला जातो ती मापे कोठून आली आणि ती या क्षेत्राला लागू पडतात की नाही, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असून व्यापारशास्त्राचा नाही. एका शब्दाचा माग काढता काढता तो या विषयापर्यंत येऊन पोचला, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

तो शब्द अर्थातच परिपक्वता. संस्कृत ‘पच्’ धातूपासून पक्व हा शब्द झाला आणि त्याच वाटेने आपले पिकणे, पक्का हे शब्द आले. इराणी शाखेतील याच धातूचे अपत्य म्हणजे फारसी ‘पुख्ता’. मराठीत त्याचा ‘पोक्त’ झाला. सारांश, आपल्या भाषेत परिपक्वतेच्या मुळाशी अग्नी आहे. जे शिजले ते पिकले. लॅटिनमध्ये शिजवणे या अर्थाचे क्रियापद याच कुळातले असून त्यावरून ‘वेळेपूर्वी शिजलेले’ या अर्थाचा ‘प्रेकॉक्स’ हा शब्द बनला. अकाली प्रौढ झालेल्या मुलाला इंग्रज ‘प्रिकोशस’ म्हणतो, ते त्याचेच रूप. परंतु इंग्रज, फ्रेंच व इटालियन लोक ज्या शब्दाने परिपक्वता सांगतात तो ‘मातूरुस’ हा लॅटिन शब्द वेगळ्या घराण्यातला आहे. त्याचा गाभा ‘योग्य वेळी येणारे’ असा. पण त्यापासून झालेल्या ‘मातूरारे’ या क्रियापदाचे अर्थ दोन आहेत, पिकवणे आणि त्वरा करणे. जर्मनांचा ‘राइफ’ तिसऱ्याच घरचा. इंग्रजीतील ‘राइप’ त्याचा सख्खा भाऊ, आणि कापणी करणे या अर्थाचा ‘रीप’ बहुधा जवळचा नातलग. म्हणजे एकाच कल्पनेची तीन चित्रे झाली: चूल, घटिका आणि विळा. जर्मन गुंतवणूकदार ‘राइफेग्राड’, म्हणजे पक्वतेची इयत्ता, हा शब्द वापरतो तेव्हा त्याला विळा आठवत नसेल. पण पीक कापणीस आले की नाही हे विचारणारा कापणारा असतो, पीक नव्हे, एवढे ध्यानात ठेवण्यास हरकत नाही.

व्यापाराच्या व्यवहारात ही कल्पना फार पूर्वी शिरली ती हुंडीच्या रूपाने. मध्ययुगाच्या उत्तरार्धात इटालियन सराफांनी युरोपभर ज्या हुंड्या चालविल्या त्यांना शहरागणिक रूढीने ठरलेली मुदत असे. व्हेनिसहून लंडनवर काढलेल्या हुंडीची मुदत तीन महिने असे. आपल्याकडील मुदती हुंडीशी परिचित असलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. या मुदतीचे मर्म असे, की ती म्हणजे अंतराचे काळात केलेले भाषांतर होते. पत्र आणि माल यांना आल्प्स ओलांडावयास किंवा समुद्रमार्गे वळसा घालावयास जेवढा अवधी लागे त्याच्याशी तिचे नाते होते. पुढे इंग्रजीत ही मुदत भरण्याला ‘मॅच्युरिटी’ हाच शब्द रूढ झाला. या जुन्या अर्थाची दोन वैशिष्ट्ये आपल्या विवेचनास उपयोगी आहेत. हुंडी पक्व झाली की नाही हे कागद निरखून कळत नसे, ते तारखेवरून कळे आणि कोणालाही कळे. आणि दुसरे असे की दूरच्या शहरातील व्यापाऱ्याने ती स्वीकारली नाही, तर तिची मुदत भरूनही उपयोग नसे. परिपक्वता ही वस्तूच्या अंगची नसून दोन पक्षांच्या मधली गोष्ट होती. विसाव्या शतकात परिपक्वतेच्या ज्या शिड्या तयार झाल्या त्यांत नेमका हा दुसरा पक्ष गळून पडला, असे मला वाटते.

शिड्यांकडे वळण्यापूर्वी ‘पुरवठासाखळी’ या शब्दाविषयी थोडे सांगावयास हवे. सैन्याची रसद आणि मुक्काम यांची व्यवस्था या अर्थी ‘लॉजिस्टिक’ हा शब्द बॅरन जोमिनी याने १८३८ साली आपल्या युद्धशास्त्रावरील ग्रंथात प्रतिष्ठित केला आणि त्याचा संबंध सैन्याच्या मुक्कामाची सोय पाहणाऱ्या फ्रेंच अधिकाऱ्याच्या हुद्द्याशी जोडला. कारखान्याच्या भाषेत मात्र खरेदी, साठा, उत्पादन, वाहतूक ही निरनिराळी खाती होती आणि प्रत्येक खात्याचा धनी वेगळा. ‘पुरवठासाखळी व्यवस्थापन’ हा शब्दप्रयोग छापून लोकांपुढे आला तो १९८२ साली, ‘फायनान्शियल टाइम्स’ने घेतलेल्या कीथ ऑलिव्हर या ब्रिटिश सल्लागाराच्या मुलाखतीतून. त्याच्या जन्माची हकीकत ऑलिव्हर यांनी पुढे २००३ साली एका लेखात सांगितली आहे. हॉलंडमधील फिलिप्स कंपनीत एका बैठकीत त्यांनी आपल्या कल्पनेसाठी एक भारदस्त तांत्रिक नाव पुढे केले. ते कोणाला रुचले नाही. पुरवठ्याची सगळी साखळी एकच वस्तू समजून तिचा कारभार पाहावयाचा, असा खुलासा त्यांनी केला तेव्हा कंपनीच्या अधिकाऱ्याने, मग तेच नाव का देत नाही, असे विचारले. सल्लागाराचे नाव मागे पडले आणि गिऱ्हाइकाचे टिकले. परिभाषा घडविणाऱ्या मंडळांनी हा दाखला जपून ठेवावा असा आहे. त्या २००३ सालच्या लेखाचे शीर्षकही बोलके होते: हे शास्त्र वयात येणार तरी केव्हा, असा प्रश्न त्यात विचारला होता. म्हणजे जन्मानंतर वीस वर्षांनी खुद्द जनकालाच आपल्या अपत्याच्या पोक्तपणाविषयी शंका होती.

आता मापांचा इतिहास. आज युरोपात सर्वाधिक वापरली जाणारी शिडी अंतराळातून आलेली आहे. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेत १९७४ च्या सुमारास स्टॅन सेडिन यांनी तंत्राच्या सिद्धतेच्या पायऱ्या कल्पिल्या. १९८९ साली त्या सात पायऱ्यांच्या स्वरूपात मांडल्या गेल्या आणि १९९५ साली जॉन मॅन्किन्स यांनी नऊ पायऱ्यांचे सविस्तर विवरण केले. पहिल्या पायरीवर केवळ मूलतत्त्वाचे निरीक्षण झालेले असते. नवव्या पायरीवर यंत्रणा प्रत्यक्ष मोहिमेत यशस्वी झालेली असते. यानात बसवावयाच्या उपकरणाबाबत ही शिडी उत्कृष्ट आहे, कारण अंतराळात गेलेले उपकरण एकटे असते. त्याला तेथे गिऱ्हाईक नसते, प्रतिस्पर्धी नसतो, आणि दुसऱ्या देशाचा जकात अधिकारीही नसतो.

दुसरी परंपरा कारखान्याची. फिलिप क्रॉस्बी यांनी १९७९ साली गुणवत्तेवरील आपल्या ग्रंथात कारखान्याच्या परिपक्वतेचा पाच अवस्थांचा तक्ता दिला. त्या अवस्थांची नावे अनुक्रमे अनिश्चय, जागृती, बोध, प्रज्ञा आणि निश्चय अशा अर्थाची आहेत. वाचताना परमार्थमार्गावरील साधकाच्या भूमिका वाचीत आहोत की काय असा भास होतो, आणि तो अगदीच भास नव्हे. या साऱ्या शिड्यांमागे आत्मोन्नतीची जुनी कल्पना आहे, केवळ मोक्षाच्या जागी दोषरहित माल आलेला आहे. क्रॉस्बींचा हा धागा वॉट्स हम्फ्री यांनी उचलला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याला संगणकीय प्रणाली पुरविणाऱ्या ठेकेदारांपैकी भरवशाचा कोण, हे ठरविण्यासाठी पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील संस्थेत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ पासून काम केले, आणि १९९१ साली पाच पायऱ्यांची प्रसिद्ध शिडी सिद्ध झाली. तिचा रोख मालावर नसून माल घडविण्याच्या रीतीवर होता. ज्याची रीत ठरलेली, मोजलेली आणि सुधारत राहणारी तो पोक्त. मोठ्या ठेकेदाराच्या बाबतीत हे पटण्यासारखे आहे. पण तीन तरुण आणि एक भाड्याची खोली एवढ्याच भांडवलावर उभ्या असलेल्या नवोद्योगात रीत ठरलेली असणे हे पोक्तपणाचे लक्षण की अकाली म्हातारपणाचे, हा प्रश्न उरतोच.

युरोपीय संघाने यांपैकी अंतराळाची शिडी पत्करली. २०११ साली तज्ज्ञांच्या एका उच्चस्तरीय समितीने तशी शिफारस केली आणि २०१४ साली सुरू झालेल्या ‘होरायझन २०२०’ या संशोधन कार्यक्रमात नऊ पायऱ्यांचे हे माप सरसकट लागू झाले. बॅटरी असो, औषध असो वा ट्रकचे वेळापत्रक ठरविणारी प्रणाली असो, अर्जदाराने आपली पायरी सांगावयाची. मोहिमेत यशस्वी होणे या नवव्या पायरीचा अर्थ वेळापत्रकाच्या बाबतीत काय घ्यावयाचा, हे ज्याने त्याने ठरवावयाचे. या अडचणीची जाणीव युरोपात कोणाला नव्हती असे नाही. स्टॉकहोम येथील केटीएच या तंत्रविद्यापीठाने नवोद्योगांसाठी जी शिडी तयार केली तीत एकाऐवजी सहा बाजू आहेत: ग्राहक, तंत्र, व्यवसायाची रचना, बौद्धिक मालकी, माणसांचा संघ आणि भांडवल. प्रत्येक बाजूला पायऱ्या नऊच. या शिडीत तंत्र पुढे आणि ग्राहक मागे, अशी विसंगती निदान दिसते तरी, हा तिचा मोठा गुण. पण येथेही मोजावयाची वस्तू एक कंपनी हीच आहे.

पुरवठासाखळीच्या साधनाचे वैशिष्ट्य असे आहे की ते एकट्याने वापरताच येत नाही. कारखानदार, हुंडेकरी, ट्रकमालक, बंदर, जकातनाका आणि माल घेणारा, या सर्वांनी एकच नोंद एकाच अर्थाने वाचली तरच त्याला काही मोल येते. (मालाच्या वाहतुकीचा मक्ता घेणाऱ्याला ‘हुंडेकरी’ हा उत्तम मराठी शब्द असताना आपण तो विसरत चाललो आहोत, म्हणून येथे मुद्दाम वापरला.) हे लक्षण यंत्राचे नव्हे, भाषेचे आहे. एकच मनुष्य जी बोलतो ती भाषा, व्याकरण कितीही निर्दोष असले तरी, भाषा नव्हे. आणि भाषेची प्रौढी आपण तिच्या व्याकरणावरून ठरवीत नाही. ती कोण बोलतात, कशासाठी बोलतात आणि परक्याला तीत व्यवहार करता येतो की नाही, यांवरून ठरवितो.

युरोपात ही गोष्ट अक्षरशः भाषेची आहे, हे तेथील नकाशावरून दिसते. बेल्जममधील एकाच शहराला फ्रेंच मनुष्य लिएज म्हणतो, डच मनुष्य लाउक म्हणतो आणि जर्मन लुटिश म्हणतो. इटालियन ट्रकचालकाने ‘मोनाको’ असे म्हटले तर त्याला बव्हेरियाची राजधानी म्युनिक अभिप्रेत आहे की भूमध्य सागरावरील चिमुकले संस्थान, हे संदर्भानेच कळते. माणसाला संदर्भ कळतो. यंत्राला तो कोणी तरी शिकवावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आयोगाने १९८१ सालापासून गावांना पाच अक्षरी संकेत दिले ते याच कारणासाठी; त्यात लिएज, लाउक आणि लुटिश हे तिन्ही बीई एलजीजी या एका संकेतात विसावतात. गावे तरी स्थिर असतात, क्रिया त्याहून अवघड. ‘माल पोचला’ याचा अर्थ ट्रक फाटकाशी आला असा, माल उतरविला असा, की घेणाऱ्याने सही केली असा? याची तीन उत्तरे तीन देशांतच नव्हे, एकाच रस्त्यावरील तीन गोदामांतही मिळू शकतात. विलंबाचा दंड मात्र एकाच उत्तरावर बसतो.

या दृष्टीने पाहू गेल्यास युरोपातील या क्षेत्राचा खरा आरंभ नवोद्योगांच्या लाटेच्या बराच आधी, १९८० नंतरच्या दशकात झाला. हॅम्बुर्ग बंदरात १९८२ साली ‘डाकोसी’ ही कंपनी स्थापन झाली. तिचे मालक कोण, तर बंदरातील हुंडेकरी, जहाज कंपन्यांचे दलाल आणि माल चढविणारे-उतरविणारे, म्हणजे जे तिच्यावर संदेश पाठविणार तेच. फ्रान्समध्ये १९८५ साली ‘टेलेरूट’ने ट्रकांची रिकामी जागा आणि वाट पाहणारा माल यांची गाठ घालून देणारा बाजार सुरू केला, तो घराघरांत पोचलेल्या मिनिटेल या दूरध्वनीच्या यंत्रावर. १९८७ साली ‘एडिफॅक्ट’ ही व्यापारी संदेशांची आंतरराष्ट्रीय मांडणी मान्य झाली. तिची १९९६ साली निघालेली एक आवृत्ती आजही व्यवहारात भेटते. तिच्यावर कोणी व्याख्यान देत नाही, तिला कोणी नावीन्याचे पारितोषिक देत नाही, आणि ती पक्व आहे की नाही असे कोणी विचारतही नाही. पक्वतेचा हाच एक निःसंदिग्ध पुरावा आहे असे कधी कधी वाटते.

येथे भाषेच्या इतिहासातील एक जोडी आठवते. बाडेनमधील योहान मार्टिन श्लायर या धर्मोपदेशकाने १८७९-८० च्या सुमारास ‘व्होलाप्यूक’ ही जगभाषा रचली. तिचा प्रसार विलक्षण वेगाने झाला. १८८४ ते १८८९ या अवधीत तिच्या तीन परिषदा भरल्या आणि त्यांपैकी शेवटची, पॅरिसची, तर बव्हंशी त्याच भाषेत चालली. एखाद्या गुंतवणूकदाराने १८८८ साली तिची पक्वता मोजली असती तर तिला वरची पायरी सहज मिळाली असती. पण भाषेत फेरफार करण्याचा अखेरचा अधिकार आपलाच, हा आग्रह श्लायर यांनी सोडला नाही. सुधारणा मागणाऱ्यांशी त्यांचे वितुष्ट आले आणि थोडक्याच वर्षांत चळवळ विरून गेली. उलट १८८७ साली वॉर्सा येथे ‘एस्पेरांतो’चे पहिले पुस्तक काढताना झामेनहॉफ यांनी आपण हक्क सोडून देत असल्याचे त्यातच जाहीर केले. ती भाषा जगाची झाली नाही, हे खरे. पण ती जिवंत राहिली. दोन्ही भाषांच्या व्याकरणांत गुणदोष होते आणि त्यांचाही परिणाम झाला असेल. तथापि मालकीचा प्रश्न निर्णायक ठरला याविषयी फारसा मतभेद होऊ नये.

श्लायर यांच्या चुकीची पुनरावृत्ती एकशे तीस वर्षांनी झाली, आणि तीही व्याकरणापेक्षा कितीतरी अधिक खर्चाने. कोपनहेगनच्या मर्स्क या जहाज कंपनीने आयबीएमशी मिळून २०१८ साली ‘ट्रेडलेन्स’ ही योजना सुरू केली. जहाजावरील पेट्यांची सारी कागदपत्रे एका सामाईक, कोणालाही गुपचूप बदलता न येणाऱ्या वहीत नोंदवावयाची, अशी तिची कल्पना होती. हा रूढ अर्थाने नवोद्योग नव्हे, दोन धनाढ्य घराण्यांचे अपत्य होते. पण त्यामुळेच परीक्षेला ते अधिक उपयुक्त आहे, कारण भांडवल, तंत्रज्ञ आणि चिकाटी यांपैकी कशाचीच वाण तेथे नव्हती. तंत्राच्या नऊ पायऱ्यांच्या शिडीवर ते शेवटच्या पायरीवर होते असे म्हणावे लागेल. प्रत्यक्ष बंदरांत ते चालू होते. मर्स्कचे प्रतिस्पर्धी प्रारंभी दूर राहिले, कारण आपल्या गिऱ्हाइकांची नोंद प्रतिस्पर्ध्याच्या वहीत कोण करील? २०१९ साली एमएससी, सीएमए सीजीएम आणि हापाग-लॉइड यांसारख्या कंपन्यांनी सामील होण्याचे ठरविले आणि जगातील पेटीवाहतुकीचा जवळजवळ अर्धा भाग तिच्या कक्षेत आला असे सांगण्यात आले. तरीही २९ नोव्हेंबर २०२२ रोजी ही योजना गुंडाळण्याची घोषणा झाली आणि २०२३ च्या पहिल्या तिमाहीत ती बंद पडली. साधन चांगले तयार झाले, पण साऱ्या उद्योगाचे सहकार्य लाभले नाही, असा त्या घोषणेचा आशय होता. घोषणेत जे दुय्यम कारण म्हणून आले आहे तेच माझ्या मते मुख्य माप आहे. याच जहाज कंपन्यांपैकी काहींनी २०१९ साली अ‍ॅम्स्टरडॅम येथे संदेशांचे प्रमाणीकरण करणारी एक संस्था काढली होती. ती काही विकत नाही, केवळ नियम लिहिते. ती टिकली, आणि २०३० पर्यंत जहाजी बिल्टी पूर्णपणे कागदाविना काढण्याचा संकल्प तिच्या सदस्य कंपन्यांनी २०२३ साली केला.

नवोद्योगांच्या बाबतीत मापांची फसगत आणखी एका वाटेने झाली. बर्लिन येथे २०१५ साली ‘सेंडर’ आणि २०१६ साली ‘फ्रेटहब’ (२०२० पासून ‘फोर्टो’), लंडन येथे २०१६ साली ‘झेनकार्गो’ असे संगणकीय हुंडेकरी उदयास आले. पॅरिसच्या ‘शिपिओ’ने २०१४ पासून ट्रक कोठे आहे ते सांगण्याचा व्यवसाय मांडला. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे ४०० मीटर लांबीचे जहाज सुवेझ कालव्यात सहा दिवस आडवे अडकले, तेव्हा पुरवठासाखळी हा शब्द वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला आणि या कंपन्यांकडे भांडवलाचा लोंढा वळला. त्याच वर्षी चाळीस फुटी पेटीचे सरासरी भाडे, ड्रुरी या संस्थेच्या निर्देशांकाप्रमाणे, सप्टेंबरमध्ये १०,००० डॉलरांच्या वर गेले. २०२३ च्या प्रारंभी ते २,००० च्या आसपास उतरले होते. हुंडेकऱ्याच्या जमाखर्चात जहाजाचे भाडे त्याच्या उत्पन्नाच्या बाजूला दिसते आणि तेथून ते जहाज कंपनीकडे जाते. भाडे चौपट झाले की एकही पेटी अधिक न हलविता उत्पन्न फुगते. उत्पन्नाची वाढ हेच परिपक्वतेचे गमक मानणाऱ्यांनी २०२१ साली भरतीचे पाणी मोजले आणि त्यालाच नदीची खोली समजले.

याउलट एक घटना मात्र अर्थपूर्ण आहे. अमेरिकेच्या ऊबरने आपला युरोपातील मालवाहतुकीचा कारभार २०२० साली सेंडरच्या स्वाधीन केला, आणि १९०५ साली स्थापन झालेल्या सी. एच. रॉबिन्सन या जुन्या अमेरिकी हुंडेकऱ्याने युरोपातील रस्तेवाहतूक त्याच कंपनीला विकण्याचे २०२४ साली जाहीर केले. हा व्यवहार २०२५ साली पूर्ण झाला. दोन्ही कंपन्यांचे तंत्र आपल्या देशात मुरलेले होते. ते अटलांटिक ओलांडू शकले नाही असे म्हणणे कदाचित जास्त होईल, परंतु एका भाषेतील प्रौढी दुसऱ्या भाषेत आपोआप उतरत नाही याचे हे उदाहरण आहे खास.

आता ज्या मनुष्याचा या लेखाच्या आरंभी उल्लेख केला त्याच्याकडे वळू. युरोपातील मालवाहतुकीच्या बहुसंख्य कंपन्या दहाहून कमी माणसांच्या आहेत; पुष्कळदा एक कुटुंब आणि दोनचार ट्रक. प्रत्येक मोठा कारखानदार आपापल्या पसंतीचे साधन निवडतो आणि ते वापरण्याची सक्ती वाहतूकदारावर करतो. पाच कारखानदारांचा माल नेणाऱ्याला पाच साधने शिकावी लागतात, पाच परवलीचे शब्द सांभाळावे लागतात, आणि आपल्या ट्रकचा ठावठिकाणा पाच परक्यांना दाखवावा लागतो. एखादा नवोद्योग बुडाला की शिकलेले वाया जाते आणि सहावे साधन येते. कोणत्याही परिपक्वतेच्या शिडीवर या श्रमाला रकाना नाही. दरम्यान चालकाच्या हाती कागद आहेच. १९५६ साली जिनिव्हा येथे झालेल्या सीएमआर करारानुसार मालपत्राच्या तीन मूळ प्रती काढावयाच्या असतात: एक माल पाठविणाऱ्याला, एक मालाबरोबर, एक वाहतूकदाराकडे. त्याचे विद्युत रूप ग्राह्य धरणारा जोडकरार २००८ साली झाला आणि २०११ साली अंमलात आला. परंतु ज्या देशाने त्याला मान्यता दिली नाही त्या देशाच्या सीमेवर पडद्यावरील अक्षरांना किंमत नाही. मालपत्राचे साधन २०१५ साली तांत्रिक दृष्ट्या कितीही सिद्ध असले तरी कायद्याच्या दृष्टीने ते कच्चेच होते, आणि त्याच्या निर्मात्याच्या हाती त्यावर काही उपाय नव्हता. ब्रिटनने सप्टेंबर २०२३ पासून व्यापारी कागदांच्या विद्युत रूपाला कागदाइतकेच कायदेशीर स्थान दिले, तेव्हा कित्येक कंपन्या आपल्या प्रणालीतील एक ओळही न बदलता एका रात्रीत अधिक पक्व झाल्या.

कोणी म्हणेल की हे सर्व खरे असले तरी यशस्वी ठरलेले नवोद्योगही आहेत. आहेत, आणि त्यांचा इतिहास उद्बोधक आहे. दक्षिण जर्मनीतील उल्म या गावी २००० साली निघालेल्या ‘ट्रान्सपोरेऑन’ने कारखानदार आणि वाहतूकदार यांच्यातील नेमणुका व वेळा यांचे जाळे दोन दशके विणले, २०२३ साली अमेरिकेच्या ट्रिम्बलने ते १८८ कोटी युरोंना घेतले. हेलसिंकीच्या ‘रेलेक्स’ची स्थापना २००५ साली तेथील तंत्रविद्यापीठातील तीन संशोधकांनी केली; दुकानात कोणता माल किती लागेल याचा अंदाज हा तिचा विषय. पहिली दहा वर्षे तिने बाहेरच्या मोठ्या भांडवलावाचून काढली, आणि २०२२ साली तिचे मूल्य ५०० कोटी युरो धरले गेले. नॉर्वेतील ‘ऑटोस्टोअर’ची कल्पना १९९६ ची, एकावर एक रचलेल्या पेट्यांच्या माथ्यावरून यंत्रे धावतात आणि हवी ती पेटी उपसून काढतात. ती कंपनी ऑस्लोच्या शेअरबाजारात आली ती २०२१ साली, म्हणजे पंचवीस वर्षांनी. यांवरून सावकाशपणा हेच पक्वतेचे लक्षण होय असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तो आवरला पाहिजे. सावकाश चालून निमूट बंद पडलेल्या कंपन्यांचा इतिहास कोणी लिहीत नाही. शिवाय ऑटोस्टोअर एका गोदामाच्या भिंतींच्या आत चालते आणि रेलेक्सचा अंदाज बव्हंशी एका दुकानदाराच्या नोंदींवर चालतो. त्यांना परक्यांच्या संमतीची गरज तुलनेने कमी होती, आणि अंतराळाची शिडी त्यांना बऱ्याच अंशी लागू पडते. ट्रान्सपोरेऑनची गोष्ट वेगळी. तेथे पक्वता वर्षांनी नव्हे, तर जोडल्या गेलेल्या वाहतूकदारांनी मोजावी लागते.

तेव्हा मूल्यमापन करणाऱ्याने प्रथम हे साधन भिंतीच्या आतले की दोन घरांच्या मधले, हे पाहावे, असे मला सुचवावेसे वाटते. आतले असेल तर प्रचलित शिड्या पुरेशा आहेत. मधले असेल तर कंपनीला तिच्या यंत्राविषयी विचारण्यापूर्वी, जो तिचा गिऱ्हाईक नाही पण ज्याला तिचे साधन वापरावे लागते, अशा ट्रकमालकाला गाठावे. मालकी कोणाकडे आहे, कंपनी उद्या बंद पडली तर नोंदी कोणाला वाचता येतील, आणि ‘माल पोचला’ याचा तिच्या कोशातला अर्थ कोणी ठरविला, एवढे त्याच्याशी बोलून कळते. प्रचलित प्रश्नावल्यांत हे प्रश्न मला आढळले नाहीत.

युरोपीय संघाने २०२० साली मालवाहतुकीच्या विद्युत माहितीसंबंधी जो नियम केला त्याप्रमाणे, ठरलेल्या नमुन्यात दिलेली अशी माहिती स्वीकारणे सदस्य देशांच्या अधिकाऱ्यांवर जुलै २०२७ पासून बंधनकारक व्हावयाचे आहे. नियम आणि त्याची मुदत यांत सात वर्षांचे अंतर आहे. व्हेनिस-लंडन हुंडीच्या तीन महिन्यांपेक्षा ते पुष्कळच मोठे. पण ही मुदत हुंडीच्याच जातीची आहे. तिची तारीख सर्वांना ठाऊक आहे, आणि त्या तारखेला सीमेवरचा अधिकारी पडद्याकडे पाहतो की कागद मागतो, हे कोणत्याही ट्रकचालकाला सांगता येईल.